शिष्यत्वाचे मोल कोणी मोजले?

येशू ख्रिस्ताने आपल्या मागून येऊ इच्छिणाऱ्यांपुढे जी अट ठेवली ती शुभवर्तमानांत स्पष्टपणे नोंदलेली आहे. शिष्याने स्वतःस बाजूला सारावे, रोजच्या रोज आपला क्रूस उचलावा आणि मग मागे यावे, असा तिचा आशय आहे. आज क्रूस हे गळ्यातील दागिन्याचे किंवा मंदिराच्या कळसाचे चिन्ह झाले असले तरी ज्यांनी ही अट प्रथम ऐकली त्यांच्या दृष्टीने ते रोमन राजवटीचे देहदंडाचे साधन होते. दंडित मनुष्यालाच ते लाकूड वधस्थळापर्यंत खांद्यावरून न्यावे लागे. त्याच उपदेशात आणखी एक दृष्टांत येतो. मनोरा बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात. संसाराची होळी झाल्यावाचून भक्ती सिद्ध होत नाही, हा विचार वारकरी परंपरेत वाढलेल्या आम्हा मराठी माणसांना परका नाही. तेव्हा ही अट समजण्यास आम्हांस अडचण पडू नये.

परंतु इतिहास वाचू लागले म्हणजे एक प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. हा क्रूस एकट्याला उचलता येतो काय? ज्याने तो स्वेच्छेने पत्करला त्याच्या घरातील माणसांनी तो पत्करलेला असतोच असे नाही. तरीही त्याचे ओझे त्यांच्या खांद्यांवर येते. गेल्या दोन शतकांतील मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत त्यागाचे परम स्वरूप म्हणजे प्राणार्पण. ग्रीक भाषेत ज्या शब्दाचा अर्थ केवळ ‘साक्षीदार’ एवढाच होता, त्याच शब्दाला रोमन छळाच्या काळात ‘हुतात्मा’ हा अर्थ चिकटला. इ. स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या काळात धर्माला मोकळीक मिळाली आणि साम्राज्यापुरते ते पर्व संपत आले. मराठी मुलुखाशी थेट नाते असलेला असा एक हुतात्मा आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन संघाचा ब्रदर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस साथीदारांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले. परंतु त्याचे मरण घडले ते जपानात. आमच्याकडे एकोणिसाव्या शतकात ज्यांनी ख्रिस्ताचे शिष्यत्व स्वीकारले त्यांच्यापुढे तलवार नव्हती. इंग्रजी राज्य होते, न्यायालये होती. त्यांची परीक्षा घराच्या उंबरठ्यावर झाली.

ती परीक्षा कशी असे, हे आजच्या पिढीला सांगावे लागेल. बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य जातीच्या दृष्टीने मेलेला असे. काही घरांत जिवंत मुलाच्या नावाने घटश्राद्ध करून त्याच्यावर पाणी सोडले जाई. त्याला विहीर बंद, पंगत बंद. न्हावी आणि परीट येईनासे होत. त्याच्या बहिणींची लग्ने अडत. म्हणजे बाप्तिस्मा एकाचा, आणि वाळीत पडण्याची भीती साऱ्या घराला.

१८४३ साली मुंबईत गाजलेले शेषाद्री बंधूंचे प्रकरण याचे उत्तम उदाहरण होय. थोरला भाऊ नारायण याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत हा अजाण वयाचा. तोही भावामागून मिशनऱ्यांकडे गेला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा पित्याच्या स्वाधीन केला. येथे प्रकरण संपावयास हवे होते. खरे दुःख येथूनच सुरू झाले. ख्रिस्ती लोकांच्या हातचे अन्न खाल्लेल्या त्या मुलास पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्रह्मवृंदात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घेण्याची बाजू हिरिरीने घेतली आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मिशनकडून सुटलेल्या मुलाला घरातही सहजासहजी जागा नव्हती. नारायण शेषाद्री पुढे धर्मोपदेशक झाले आणि निजामाच्या राज्यात जालन्याजवळ सालारजंगांच्या सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसविली. तेथे आश्रयास आलेले बहुतेक मांग समाजातील होते. थोरल्या भावाचे चरित्र लिहिले गेले. धाकट्याचे नाव मात्र त्या वादापुरतेच उरले.

आम्हां बेळगावकरांना जवळचे उदाहरण म्हणजे बाबा पदमनजी. त्यांचा जन्म १८३१ साली याच बेळगावात त्वष्टा कासार कुटुंबात झाला. येथील मिशनशाळेत आणि पुढे मुंबईत त्यांचे शिक्षण झाले. तरुणपणी ते परमहंस मंडळीचे सभासद होते. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या मंडळीच्या सभा गुप्तपणे भरत. खाजगीत एक आणि चारचौघांत दुसरे, ही ओढाताण त्यांना सोसवेना. १८५४ च्या सप्टेंबरात त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या गर्दीत न घेता आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांच्या डोळ्यांदेखत घेतला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्रातून घरच्यांशी झालेली ताटातूट कळते. त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर नांदावयास आली नाही. पुढे त्यांनी ख्रिस्ती स्त्रीशी विवाह केला, शंभरावर पुस्तके लिहिली आणि १९०६ साली त्यांचे निधन झाले.

१८५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीचा विषय हिंदू विधवांचे हाल हा आहे. कादंबरीत धर्मप्रचार आहे, हे खरे. पण नवरा असून नसल्यासारखी झालेली एक मुलगी ज्याच्या आयुष्यात होऊन गेली, त्याने तीनच वर्षांत निराधार स्त्रियांवर ग्रंथ लिहावा, याकडे आम्ही केवळ प्रचार म्हणून पाहू शकत नाही. त्यांनी स्वतः असा संबंध जोडला होता, असा मात्र आमचा दावा नाही.

त्या मुलीचे काय झाले असेल? कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा घेतली. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात सोडल्यामुळे मालमत्तेचा हक्क बुडणार नाही, असे ठरले; तेही कंपनीच्या मुलुखापुरते, संस्थानांत तो आपोआप लागू नव्हता. विवाहाचा प्रश्न १८६६ च्या कायद्याने हाती घेतला. ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास त्याच्या जोडीदाराने धर्मांतरामुळे सतत सहा महिने टाकले असेल तर त्याला न्यायालयात अर्ज करता येई. न्यायाधीश त्या जोडीदाराला समक्ष विचारी. नकार आला तरी प्रकरण एक वर्ष तहकूब राही आणि वर्षानंतर पुन्हा तोच प्रश्न विचारला जाई. तेव्हाही नकारच असेल तर विवाह रद्द होऊन दोघांस पुन्हा लग्न करण्यास मोकळीक मिळे. सरकारी नोकरीत अनेक कायद्यांची कलमे आमच्या नजरेखालून गेली. पण त्या एका वर्षाच्या तहकुबीइतके माणुसकीचे कलम क्वचितच दिसले. तरीही ते कागदावरचे. ज्या समाजात पुनर्विवाहच निषिद्ध, तेथे वरच्या जातीतील मुलीला कायद्याने दिलेल्या मोकळिकीचा उपयोग तो काय! पुरुषाला नवा संसार मिळे. तिच्या वाट्याला मात्र माहेरचा कोपराच राही.

या पार्श्वभूमीवर नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे जीवन पाहावे. टिळक १८६१ सालचे, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. लक्ष्मीबाई १८६८ सालच्या, नाशिककडील जलालपूरच्या. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांस नवा करार वाचावयास दिला. दोन वर्षांच्या आत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा जवळ नव्हत्या आणि हा निर्णय त्यांना विचारून झालेला नव्हता. पदरी लहान मुलगा दत्तू. पुढील काळ त्यांनी मुख्यतः पंढरपुरास बहीण व मेहुण्यांच्या आश्रयाने काढला. चार वर्षांहून अधिक काळ हा वियोग टिकला.

येथे त्याग कोणाचा झाला? टिळकांनी जात, नातीगोती, पूर्वीच्या वर्तुळातील मानमरातब यांवर पाणी सोडले, यात संशय नाही. परंतु त्यांना त्या बदल्यात जे हवे होते ते मिळाले होते. मनाची शांती होती, नवे सोबती होते. लक्ष्मीबाईंनी काहीच निवडले नव्हते. त्या ना सवाष्णीच्या मानाने वावरू शकत, ना विधवा म्हणून मोकळेपणाने रडू शकत. त्या दुःखातच त्यांच्या मनात प्रथम कवितेच्या ओळी आल्या. क्रूस शिष्याने उचलला, पण त्याची जड बाजू पंढरपुरात एका स्त्रीच्या खांद्यावर होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

असे असूनही हे घर मोडले नाही, याची कारणे दोन्ही बाजूंना आहेत. १८६६ च्या कायद्याचा रस्ता टिळकांना मोकळा होता. त्यांनी तो धरला नाही, वाट पाहिली. लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती म्हणून नव्हे. आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवून त्या राहिल्या, आणि टिळकांनी ते चालू दिले. जातिभेदाचे बंधन त्यांच्या मनातून हळूहळू गळले. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने केलेल्या त्यागाची शिक्षा म्हणून जे आले होते, ते त्यांनी इतक्या वर्षांनी स्वतःची निवड म्हणून पत्करले. या दोहोंतील अंतर फार मोठे आहे.

त्यानंतरचे त्यांचे नगरचे घर हे पोरक्यांचे घर झाले. हातात पैसा न ठेवणारा नवरा आणि त्याने घरी आणलेली पोरे सांभाळणारी बायको, ही ओढाताण ‘स्मृतिचित्रां’त लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितली आहे. बालकवी ठोंबरे याच घरात राहून गेले आणि ते धर्माने जेथे होते तेथेच राहिले. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. मंडळीच्या सभासदत्वापेक्षा शिष्यत्व मोठे, हा त्यामागील विचार. परंतु म्हातारपणाची भाकरी पुन्हा अनिश्चित झाली, आणि या वेळीही ती एकट्याची नव्हती. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. टिळकांचे दहा-अकरा अध्याय झाले होते. उरलेले साठांवर अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून काढले. शाळेत न गेलेल्या बाईने हे केले. मुलाबरोबर त्या काही वर्षे कराचीस राहिल्या. तेव्हा तेथेही मराठी वस्ती होती, हे आपल्यासारख्या मुलुखाबाहेरच्या मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले. त्या ग्रंथात नवऱ्यावर फिर्याद नाही आणि नवऱ्याची आरतीही नाही. ज्याच्यामुळे दुःख झाले त्याचे मोठेपण आणि त्याचे वेडेपण दोन्ही एका पानावर मावतात. त्यागाचा हिशेब इतक्या प्रामाणिकपणे मांडणारे दुसरे मराठी पुस्तक आम्हांस ठाऊक नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी ख्रिस्ती होण्यापूर्वीच गमावण्याजोगे बहुतेक सर्व गमावले होते. आईवडील आणि बहीण दुष्काळी भ्रमंतीत गेली, भाऊ गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतेवेळी त्यांच्याजवळ उरली होती ती दोन वर्षांची मनोरमा. त्यांना मोल द्यावे लागले ते सार्वजनिक जीवनात. १८८९ साली सुरू केलेल्या शारदा सदनात विधवा मुली त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी बसतात, यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक मुली काढून नेल्या गेल्या. ज्या सुधारकांनी आधार दिला होता त्यांचाही दोष मानता येत नाही. पालकांना दिलेल्या शब्दाची त्यांना काळजी होती. आणि या वादात ज्या मुलींचे शिक्षण तुटले, त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरणाच्या दारात असलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. आईवडील ज्या भुकेने गेले ती भूक त्यांना ओळखीची होती. संवत १९५६ च्या, गुजरातेत आजही ‘छप्पनिया’ म्हणून आठवल्या जाणाऱ्या, दुष्काळातही त्यांनी तेच केले. केडगावच्या मुक्तिसदनातील आश्रितांची संख्या १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या घरात गेली. अन्नाच्या मोबदल्यात धर्म घेतला, असा आक्षेप यावर तेव्हापासून घेतला जातो, आणि उपाशी माणसाच्या निवडीला निवड म्हणावे काय हा प्रश्न खोटा नाही. त्याचबरोबर त्या मुलींना त्या दिवशी दुसऱ्या कोणी हात दिला होता काय, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. रमाबाईंनी अखेरची कित्येक वर्षे हिब्रू आणि ग्रीक मूळावरून सोप्या मराठीत बायबल उतरविण्यात घालविली. केडगावच्या स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले. कामाचा वारसा जिच्याकडे जावयाचा ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला.

आतापर्यंतची नावे चरित्रकारांनी जपलेली आहेत. ज्यांची नावे कोणी जपली नाहीत, असा फार मोठा वर्ग नगर आणि जालना या भागांतील महारवाड्यांत व मांगवाड्यांत होता. त्यांच्यापाशी सोडण्यासारखी प्रतिष्ठा नव्हती, असे समजणे चूक होय. मेलेली गुरे ओढणे, देवीच्या उत्सवातील कामे करणे ही परंपरागत कर्तव्ये ख्रिस्ती झालेल्या माणसाने नाकारली की गाव त्याचे बलुते अडवून धरी. बलुते म्हणजे वर्षाचे धान्य. पंडितांच्या त्यागापेक्षा तो त्याग लहान कसा म्हणावा? या वर्गाची परीक्षा स्वातंत्र्यानंतरही संपली नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती बाहेर राहिले. जातीच्या दाखल्यांची प्रकरणे आमच्या टेबलावरून गेली आहेत. प्रार्थनेला एका नावाने जाणारी आणि अर्जावर दुसरे नाव लिहिणारी कुटुंबे आम्ही पाहिली. त्यांना दांभिक म्हणावयास आमची जीभ वळत नाही. मुलाच्या शिक्षणाचे मोल देऊन बापाने आपली साक्ष द्यावी काय, हा तोच जुना प्रश्न आहे.

गोव्यातील आमचे वाचक येथे हटकतील, आणि त्यांचा तो अधिकार आहे. पोर्तुगीज अमलात १५६० ते १८१२ पर्यंत, मधला अल्पसा खंड वगळता, इन्क्विझिशन चालले. देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. मूर्तींबरोबर माणसे घरेदारे, शेतेभाते सोडून निघाली. तेथे राज्यसत्ता क्रूसाच्या मागे उभी होती, आणि म्हणून हालअपेष्टा सोसण्याचा मान विरुद्ध बाजूकडे गेला. आज इंदूर, बडोदे, बेळगाव येथे नांदणाऱ्या कित्येक सारस्वत घराण्यांच्या कुलकथांत हे स्थलांतर आहे. त्यांनी सोसले तेही निष्ठेसाठीच. सत्तेने लादलेले दुःख आणि स्वेच्छेने पत्करलेले दुःख यांत भेद न करणारा मनुष्य ख्रिस्ताचे शिष्यत्व समजला, असे म्हणता येणार नाही. कारण ज्याने ही अट घातली तो स्वतः सत्तेच्या हातून मारला गेला होता.

या सर्वांवरून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे. त्यागाची थोरवी त्यागणाऱ्याने काय सोडले एवढ्यावरून मोजू नये. त्याच्या निर्णयाचे ओझे ज्यांच्यावर पडले त्यांच्याशी तो पुढे कसा वागला, हेही पाहावे. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापेक्षा सोवळ्यात परतलेल्या पत्नीची चूल त्यांनी वेगळी राहू दिली, ही आमच्या मते शिष्यत्वाची अधिक कठीण कसोटी होती, आणि तिला ते उतरले. हे माप केवळ ख्रिस्ती शिष्यांस लावावयाचे नाही. देशासाठी तुरुंगात गेलेल्यांना, संन्यास घेतलेल्यांना, आणि शे-दोनशे वर्षांपूर्वी चाकरीसाठी कुटुंबकबिला घेऊन या परमुलुखात उतरलेल्या आपल्या पूर्वजांनाही ते लावता येईल. आपल्या घरोघरी वंशावळी आहेत, त्यांत पुरुषांची नावे आहेत. त्या पुरुषांच्या निर्णयांमागून मुकाट्याने चालत आलेल्या स्त्रियांची नावे, ज्यांना आठवत असतील त्यांनी, ती विसरण्यापूर्वी लिहून ठेवावीत.